कावळा पाच वेळा शिवला

"हा एस कुणी लिहिला?"

परवाचा रविवार, ग्रीसमधलं, अथेन्सजवळच्या निकेआमधलं चर्च, पाद्रीबाबा अजून वेदीपाशीच. आणि आमच्या वरच्या मजल्यावरच्या किरिया माझ्या परातीवर वाकून हे विचारत होत्या. किरिया म्हणजे बाई. नाव सांगत नाही, रोज त्याच जिन्यातून चढायचं-उतरायचं आहे.

परात होती थियाच्या चाळिसाव्याची. थिया म्हणजे माझ्या नवऱ्याची... इथेच तर अडतं. ग्रीक भाषेत मावशी, आत्या, काकू, मामी सगळ्यांना मिळून एकच शब्द, थिया. लग्नानंतर वर्षभर मला पत्ता नव्हता की ही नेमकी कोण. विचारलं की सगळे म्हणायचे, "अगं, थिया आहे ना!" (शेवटी मावशी निघाली.)

आपल्याकडे दहावा-तेरावा, तसं इथे तिसरा, नववा आणि चाळिसावा. चाळिसाव्याला कोलिवा लागतो. उकडलेले गहू, त्यात बेदाणे, बदाम, डाळिंबाचे दाणे, दालचिनी. वर भाजलेल्या पिठाचा थर, त्यावर पिठीसाखर दाबून बसवायची आणि चांदीच्या गोळ्यांनी क्रूस आणि गेलेल्या माणसाचं आद्याक्षर काढायचं. घरच्या मुली म्हणाल्या, मिठाईच्या दुकानातून आणू. मी म्हटलं, छे, मी करते. सांगलीची आहे मी, खपलीच्या खिरीवर वाढलेय, गहू मला काय शिकवता! त्या क्षणी कुणीतरी माझं तोंड दाबायला हवं होतं.

उकडलेले गहू रात्रभर कोरडे करावे लागतात. ते आमच्या पलंगावर पंचे पसरून झोपले, नवरा सोफ्यावर. पीठ मात्र फक्कड भाजलं गेलं, बेसनाचे लाडू वाया जात नाहीत. हा थर शोभेचा नसतो, गव्हाचा ओलावा साखरेला लागू नये म्हणून असतो. रात्री दोन वाजता चिमट्याने एकेक चंदेरी गोळी लावत मी क्रूस काढला, मग अक्षर. थियाचं नाव सिग्माने, म्हणजे ग्रीक 'स'ने, सुरू होतं. माझ्या हाताने, झोपेत, इंग्रजी एस काढला.

"मी लिहिला," मी म्हटलं.

"सिग्मा माहीत आहे ना तुला?"

"माहीत आहे. रात्रीचे दोन वाजले होते."

किरियांनी उसासा सोडला. "तिला वाचता नाही येणार."

तिला म्हणजे थियाला. यावर कुणी काय बोलावं? तोवर त्यांनी परातीच्या कडेची साखर बोटाने किंचित टोकरून पाहिलीसुद्धा. आशीर्वादाच्या आधी! नखशिखांत काळे कपडे (नवरा जाऊन वीस वर्षं झाली, काळा रंग गेलेला नाही), मान तिरकी, एक डोळा माझ्यावर, एक परातीवर. मला एकदम कृष्णेचा घाट आठवला. पिंड मांडून आपण ताटकळत असतो, कावळा काही शिवत नाही, मग कुणीतरी हात जोडून म्हणतं, "काकू, नातवाच्या मुंजीची काळजी करू नका." इथे काही कबूल करायची वेळच आली नाही.

प्रार्थना झाली, मी कागदी पिशव्यांत कोलिवा भरून वाटायला लागले. किरिया पहिल्या. "गहू जास्त शिजलाय." दुसऱ्यांदा आल्या. "डाळिंब आंबट आहे." तिसरी पिशवी बहिणीसाठी, तिचे गुडघे दुखतात. चौथीच्या वेळी त्यांनी माझा हात धरला.

"तुमच्याकडे माणूस गेल्यावर काय करता?"

"दहन."

त्यांनी तीनदा क्रूस केला. "जाळता? माणसाला?"

"आता इथेही होतं की. 2019 पासून रित्सोनाला दहनभूमी आहे."

"मरू दे ती!" म्हणाल्या. दहनभूमीला.

मला म्हणायचं होतं, अहो, तुमच्या अथेन्समध्ये कबर साधारण तीन वर्षांच्या भाड्याने मिळते, मग हाडं काढून डब्यात ठेवतात, आमचं एकदाच काय ते आटोपतं. पण थिया अजून चाळीसच दिवसांची होती. तोंड मिटलं आणि पाचवी पिशवी दिली. ती घेऊन जाताना वळून म्हणाल्या, "परकी असून बरं केलंस."

परकी! अकरा वर्षं या जिन्यात राहतेय. त्या दिवशी हॉलमध्ये कॉफी आणि ब्रँडी झाल्यावर साठ कप कुणी विसळले? मिठाईच्या दुकानवाल्या मुली फोटो काढत होत्या.

थियाने मला एकदाही परकी म्हटलं नाही. शाकाहारी आहे म्हटल्यावर ती पहिल्यांदा घाबरली, मग तिचा चेहरा उजळला. "म्हणजे तुझा बारा महिने उपवास!" इथल्या उपवासाला मांस, अंडी, दूध चालत नाही. भात भरलेले टोमॅटो, पांढऱ्या घेवड्याचे टपोरे दाणे, हलवा, सगळं ताटात आलं. आणि मधोमध ऑक्टोपस. मी किंचाळले. "अगं, त्यात रक्त नसतं, उपवासाला चालतो!" आमच्या आजीने साबुदाण्याबद्दल जी खात्री दिली असती, अगदी तीच. नवरा टेबलाखाली हसत बसला होता, मदत शून्य.

तिची आई 1922 साली स्मिर्ना (आताचं तुर्कस्तानातलं इझ्मिर) जळालं तेव्हा लहानपणी पळून आलेली. निकेआ अशाच लोकांनी वसवलेलं. मी पहिल्यांदा वरणाला जिऱ्याची फोडणी दिली, तेव्हा थिया स्वयंपाकघराच्या दारात येऊन नुसती उभी राहिली. स्मिर्नावाल्यांच्या खिम्याच्या मुटक्यांत जिरं असतं. "आईचा वास," म्हणाली आणि कढल्यातलं तेल पावाने पुसून खाल्लं. भाजलं बोट, पण खाल्लं.

माझ्या नावात 'श' आहे. ग्रीकमध्ये तो आवाजच नाही. अकरा वर्षं तिने माझ्या 'श'चा 'स' केला, मोठ्याने, गॅलरीतून, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा. मी तिच्या सिग्माचा एस केला. आमचं फिटलं होतं. यात वरच्या मजल्याचा काही संबंध?

सोमवारी सकाळी दाराखालून काहीतरी सरकून आलं. बिस्किटाच्या खोक्याचा पुठ्ठा, मधोमध कात्रीने कापलेला सुबक सिग्मा. वर पेन्सिलीने, "सहा महिन्यांच्या वेळी हा ठेवून गोळ्या लाव."

मी पुठ्ठा उलटा केला. मागे बिस्किटाचं नाव होतं. इंग्रजीत.