चार केबीचा डोंगर

"बटण दाबलं की चित्र तयार. ह्यात कलाकाराचं काय?" घरच्या ग्रुपवर दादाने लिहिलं आणि खाली भराभर अंगठे पडले. विषय माझ्या भाचीचा. सांगलीत कॉलेज सांभाळून ती रात्री कोड लिहून हलती चित्रं करते. वहिनी म्हणाल्या, त्यापेक्षा ब्रश धरला असता तर बरं झालं असतं.

इथे जर्मनीत, झारब्र्युकनला, २०११ पासून दर ईस्टरला ‘रिव्हिजन’ नावाचं संमेलन भरतं. डेमोसीनची माणसं, म्हणजे कोडमधून हलती चित्रं आणि संगीत घडवणारी मंडळी, आपले ‘डेमो’ घेऊन ई-वेर्कच्या हॉलमध्ये चार दिवस ठाण मांडतात. एका स्पर्धेत अख्खा प्रोग्रॅम ४०९६ बाइटांत, म्हणजे चार किलोबाइटांत (केबी) बसवायचा. दादा, हा मजकूर साठवायलासुद्धा तेवढी जागा पुरायची नाही. २००९ साली बिंगनच्या ‘ब्रेकपॉइंट’ या अशाच संमेलनात आलेल्या ‘एलिव्हेटेड’ या डेमोने तेवढ्यात बर्फाचे डोंगर उभे केले, संगीतासकट. त्यात आधी काढून ठेवलेलं एकही चित्र नाही. सगळं त्या क्षणी, गणितातून.

आजी अंगणात ठिपके मोजून मांडायची आणि त्या ठिपक्यांबाहेर एक रेघ जाऊ द्यायची नाही. तिला तू कलावंत म्हणतोस. मग पोरीला का नाही?

चांगलं ग्राफिक्स कार्ड नसेल तर डेमो घरी चालायचे नाहीत, म्हणून डेमोसीन टीव्हीसारखे इंटरनेटवरचे चॅनेल आले आणि कुणालाही ते बघता येऊ लागले. आता स्पर्धाही थेट दिसते. व्हिडिओत मूळ मजा राहत नाही, हे मला मान्य आहे. हजारो ठिणग्या एकदम उडाल्या की स्ट्रीमवर त्यांचे चौकोन होतात. रांगोळीचा फोटो बघावा तसं ते. पण सांगलीतल्या मुलीला रात्री दीड वाजता तोच फोटो मिळतो, आणि त्यावरूनच ती शिकली.

मी ग्रुपवर लिहिलं, "फिनलंडने २०२० मध्ये डेमोसीनला राष्ट्रीय वारशाच्या यादीत घेतलं. आमच्याकडे जर्मनीतही २०२१ मध्ये घेतलं."

दादाचं उत्तर आलं, "तुमच्याकडे असेल."

त्या ‘आमच्याकडे’वर मी रात्रभर अडकले. दादाच्या अंगणाला मी ‘आपलं अंगण’ म्हणते आणि वाद आला की जर्मनी पुढे करते. इथे हॉलमध्ये कुणी आडनाव विचारत नाही, टोपणनावावर काम भागतं, असं मी सगळ्यांना अभिमानाने सांगत आले. सांगितलेलं खोटं नाही, पण ते ऐकीव आहे.

भाचीचा वेगळा मेसेज आला होता. "आत्या, कॅमेरा प्रेक्षकांवर फिरला की मी दरवर्षी तुला शोधते. कुठे बसतेस?"

ई-वेर्क माझ्या घरापासून बसने चार थांबे. गेली चार वर्षं मी रिव्हिजन घरी सोफ्यावर बसून, ती बघते त्याच स्ट्रीमवर पाहिलं. तिला अजून उत्तर दिलेलं नाही.