घरी माझी गरज आहे

गेल्या रविवारी आमच्या सप्ताहाच्या हिशेबाची बैठक झाली. वर्गणी किती जमली, मंडपवाल्याचं आणि आचाऱ्याचं किती दिलं, कीर्तनकारांचं मानधन, शिल्लक, सगळं वाचून झालं. मग बुवा उठले, पावतीपुस्तकं टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "घरी माझी गरज आहे. अध्यक्षपद आणि सप्ताह आता दुसऱ्या कोणीतरी सांभाळावा." आणि खाली बसले.

कोपरखैरण्यातल्या आमच्या लोकांना बुवा कोण ते सांगायला नको. बाकीच्यांसाठी लिहिते. बुवा आणि माझे वडील कांदा-बटाटा मार्केटात एकाच टोळीत माथाडी होते. दिवसभर पाठीवर गोणी आणि रात्री हरिपाठ. पाटण-जावळीकडून पोटासाठी आलेल्या माणसांनी गावचा सप्ताह इथे आणला आणि बुवांनी तो २२ वर्षं चालवला. कोणाच्या दहाव्याला प्रवचन असो, कोणाच्या घरात भावाभावांचं फाटलेलं असो, निरोप बुवांनाच जायचा. माझे वडील गेले त्या रात्री पहाटेपर्यंत आमच्या दारात बसून राहिलेला माणूस हाच.

बैठकीत आधी "नामंजूर, नामंजूर" असा गलका झाला. तो मायेचा होता, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती नंतर चपला घालताना जे कानावर आलं त्याबद्दल. "घरी सून आहे की!" "विश्वस्तांशी बिनसलं असणार." "हिशेबात काहीतरी असेल, उगाच कोण खुर्ची सोडतंय?"

हिशेबाचं आधी बोलते. देवाच्या नावाने पैसा हाताळणाऱ्या माणसाला हिशेब विचारलाच पाहिजे. 'वैयक्तिक कारण' पुढे करून भानगडी झाकणारेही असतात, आणि तिथे आदरापोटी गप्प बसणं मला मान्य नाही. नोंदणी झालेल्या न्यासात विश्वस्त बदलला की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट द्यावा लागतो, तो उगाच नाही. बुवांनी राजीनाम्याचं पत्र लिहून आणलं होतं, वह्या पुऱ्या करून आणल्या होत्या. मंडळाचं जे होतं ते सगळं त्यांनी टेबलावर ठेवलं. त्यानंतर उरतं ते त्यांचं घर, आणि तिथे डोकावायचा हक्क कोणालाच नाही. काकूंना, म्हणजे बुवांच्या बायकोला, काय होतंय ते मीही इथे लिहिणार नाही. एवढं लिहू का, असं दोघांना विचारूनच ही पोस्ट टाकते आहे.

पण मला सगळ्यात जास्त लागलं ते "घरी सून आहे की" हे वाक्य. चार दिवस तेच डोक्यात आहे. बुवा आजारी असते आणि काकूंनी भजनी मंडळ सोडलं असतं, तर कोणी दुसरं कारण शोधलं असतं का? कोणाच्या ते लक्षातही आलं नसतं. पुरुषाने बायकोसाठी मानाचं पद सोडलं हे आपल्याला पटतच नाही, म्हणून आपण त्यामागे भानगड शोधतो. ती सून सकाळी ७ ला लोकल पकडते, ठाण्याला नोकरीला जाते. तिने काय काय करायचं? आणि हे बोलणारे कुठे उभे होते? विठोबाच्या देवळात! आईबापाची सेवा चालली आहे, जरा थांब, असं प्रत्यक्ष देवाला सांगून पुंडलिकाने वीट पुढे केली, तीच ही वीट. ही कथा बुवांच्याच तोंडून आम्ही किती वेळा ऐकली. त्यांनी ती जगून दाखवली तेव्हा आम्हाला ओळखता आली नाही.

शाळेतल्या माझ्या सहकारी बाई ख्रिस्ती आहेत. त्यांना हे सांगितलं तर त्यांना पोप बेनेडिक्ट आठवले. ११ फेब्रुवारी २०१३ रोजी, वयाच्या ८५ व्या वर्षी, वयामुळे हे काम पेलण्याची ताकद उरली नाही असं सांगून त्यांनी पद सोडत असल्याचं जाहीर केलं आणि २८ तारखेला ते पायउतार झाले. १४१५ नंतर पोपने पद सोडल्याची ती पहिलीच वेळ. तेव्हाही जगभर तर्क लढवले गेले. बाईंनी आणखी एक सांगितलं ते मला फार आवडलं. त्यांच्या धर्मकायद्यात पोपचा राजीनामा स्वखुशीचा आणि रीतसर जाहीर केलेला असला की पुरे, तो कोणी मंजूर करावा लागत नाही.

आपल्याकडेही सोय आहेच की. सप्ताहात सात दिवस वीणा खाली ठेवत नाहीत. पण म्हणून एकच माणूस सात दिवस उभा राहतो का? पहाऱ्याची यादी भिंतीला चिकटवलेली असते. आपली वेळ संपली की पुढच्याच्या गळ्यात वीणा घालायची, एकमेकांच्या पाया पडायचं आणि घरी जायचं. दुपारचा पहारा आम्हा बायकांचा असतो, मी कित्येकदा उभी राहिले आहे. वीणा देऊन निघालेल्या माणसाला "का चाललास?" असं विचारलेलं मी आजवर ऐकलं नाही. अध्यक्षपदाला मात्र आपण यादीच केली नाही. २२ वर्षं एकाच्याच गळ्यात ठेवलं, आणि बुवांना जड होतंय का हे विचारायचं सुचलं नाही. त्यात मीही आले. आता पुढच्या बैठकीत तीन वर्षांची मुदत आणि सोबत एक उपाध्यक्ष, असा ठराव मी मांडणार आहे.

बुधवारी बुवांकडे गेले होते. काकूंचे केस विंचरून झाले होते, बुवा त्यांना वेणी घालत होते. जमत नव्हती. माझ्याकडून दोनदा शिकून घेतली. निघताना हळूच म्हणाले, "हरिपाठ चुकतो गं, तेवढंच वाटतं."

म्हणून आम्ही पाचजणींनी एक यादी केली आहे, काकूंच्या सोबतीची. काकूंना विचारून केली. रोज संध्याकाळी ७ ते ८, म्हणजे बुवांना देवळात जाऊन येता येईल. एकादशीला माझं नाव आहे. मंगळवार आणि शनिवार अजून रिकामे आहेत. सेक्टरमधल्या कोणाला जमत असेल तर मला फोन करा. पुरुषांनीही नावं द्या.