‘४.७ गिगाहर्ट्झपर्यंत’ म्हणजे किती सेकंद?

काल रात्री पावणेबाराला नव्या लॅपटॉपवर पहिला पूर्ण बिल्ड लावला, म्हणजे लिहिलेल्या सगळ्या कोडचा कंपायलरकडून चालणारा प्रोग्रॅम बनवून घेणं. रोजचाच सी प्लस प्लसचा प्रोजेक्ट, तीच ब्रँच, तोच कंपायलर. जुन्या मशीनवर २४ मिनिटं लागायची. नव्यावर ३१. सगळं पुसून परत लावला. ३२! बिजागरी तुटलेल्या, ६ कोअरच्या (कोअर म्हणजे प्रोसेसरमधला स्वतंत्र काम करणारा भाग) जुन्या डब्याने १० कोअरवाल्याला हरवलं आणि नव्याचा पहिला हप्ता अजून कापलाही गेलेला नाही.

पहिलं अर्धं मिनिट कसलं पळालं! सगळे कोअर १०० टक्के, ऑब्जेक्ट फाइली (कंपाइल झालेले तुकडे) भराभर पडतायत. मग पंखा किंचाळायला लागला आणि प्रोसेसरची वीज ४० वॉटवरून धाडकन १५ वर आली. आली ती आलीच, पुढचा अर्धा तास तिथून हलली नाही. हा १५चा आकडा कुठे छापलाय? खोक्यावर नाही, स्टिकरवर नाही, कंपनीच्या पानावर नाही. तिथे ठळक अक्षरांत ‘४.७ गिगाहर्ट्झपर्यंत’. या ‘पर्यंत’चा मला भयंकर राग आहे. किती सेकंदांपर्यंत? किती कोअरवर? गेम उघडायला, ब्राउझर चालवायला तो क्षणभराचा जोर पुरतो. बिल्ड म्हणजे अर्धा तास सलग ओझं ओढणं आहे हो!

आणि कोअर मोजून दाखवणं तर आता बंदच करा. इंटेलचा आय सेव्हन १२५५यू घ्या: १० कोअर, त्यात मोठे, वेगवान फक्त २, बाकी ८ छोटे, मूळ वीज १५ वॉट. आय सेव्हन १२७००एच: १४ कोअर, त्यात मोठे ६, मूळ वीज ४५ वॉट. दोन्हींवर स्टिकर ‘आय सेव्हन’. एएमडीच्या रायझनमध्येही तेच, ७५२०यू आतून झेन टू (जुनी रचना) आणि ७८४०यू झेन फोर (नवी), दोन्ही ‘७०००’च्या मालिकेत. शेवटचं एक अक्षर आणि मधला एक आकडा बघायचा, हे सामान्य गिऱ्हाइकाला कोण सांगणार? दुकानदार? तो मला म्हणाला, ‘‘सर, कोडिंगला काय लागतंय, आय सेव्हन आहे ना!’’

त्याहून चीड येते ती व्हिडिओवाल्यांची. मी अकरा व्हिडिओ पाहिले. व्हिडिओ एक्स्पोर्ट, गेमचे फ्रेम, झाकण एका बोटाने उघडतं का, सगळं दाखवतात. लिनक्स कर्नल (लिनक्स सिस्टिमचा गाभा) कंपाइल करून वेळ मोजणारा एकही नाही. फोरोनिक्स ही लिनक्सवाल्यांची वेबसाइट वर्षानुवर्षं हेच मोजतेय, म्हणजे अशक्य काहीच नाही. गीकबेंच या वेग मोजणाऱ्या प्रोग्रॅममध्ये क्लँग कंपायलरची चाचणी आहे, पण ती इतकी छोटी की चिप तापायच्या आत संपते. तेवढ्यावर निकाल देऊन मोकळे! एकच चिप एका लॅपटॉपात १५ वॉटवर चालते, दुसऱ्यात २८ वर, आणि बिल्डचा वेळ तिथेच ठरतो. तो आकडा सांगा, बाकी काही नको.

रॅमचं तर बोलूच नका. १६ जीबी, तीही बोर्डावर चिकटवलेली. टेम्प्लेटांनी (सी प्लस प्लसमधले कोडचे साचे) भरलेल्या एकेका फाइलीला कंपायलर सहज एक-दीड जीबी खातो. दहा-बारा फाइली एकदम घेतल्या की स्वॅप सुरू, म्हणजे रॅम भरून काम संथ डिस्कवर. वर ऑफिसचा अँटिव्हायरस प्रत्येक ऑब्जेक्ट फाइल हुंगत बसतो, आणि पुण्यात गुरुवारी वीज गेली, बॅटरीवर आलो, की वेग आणखी खाली.

सकाळी दुकानात फोन केला. ‘‘सील फुटलंय सर, परत होणार नाही. चालतोय ना पण?’’ चालतोय ना! उद्या जातोय. दोन्ही लॅपटॉप काउंटरवर शेजारी शेजारी ठेवणार, एकदमच बिल्ड लावणार, आणि दोन्ही संपेपर्यंत तिथून हलणार नाही.