खुलासा: समुद्रातलं निम्मं तेल ‘नैसर्गिक’, मग गळतीची ओरड कशाला?

‘समुद्रात मिसळणारं निम्मं तेल तळातून आपसूकच पाझरतं, उगाच जहाजांना दोष देऊ नका,’ असा संदेश सध्या फिरतोय. आकडा अगदी हवेतला नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय अकादमींच्या २००३ च्या अहवालात जगभरातला नैसर्गिक पाझर वर्षाला सुमारे ६ लाख टन, म्हणजे एकूण तेलाच्या निम्म्याच्या आसपास धरला होता. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र साफ चुकीचा आहे.

पाझर संथ असतो, हजारो वर्षं चालतो आणि तिथले जिवाणू ते तेल खायला सरावलेले असतात. कॅलिफोर्नियातल्या कोल ऑइल पॉइंटजवळ दिवसाला साधारण १०० पिंपं तेल झिरपतं. २०१० मध्ये मेक्सिकोच्या आखातातल्या ‘डीपवॉटर होरायझन’ या तेल खोदकाम तराफ्याच्या दुर्घटनेत अमेरिकी सरकारच्या अंदाजाने ८७ दिवसांत ४९ लाख पिंपं बाहेर पडली. यांना एका पंगतीला बसवताच येत नाही.

शिवाय पाझर ओळखता येतो. तवंगाखाली बारीक लाटा दबतात, म्हणून उपग्रहाच्या रडारचित्रात तो काळा दिसतो. वारा पडला तरी तसाच डाग उमटतो, त्यामुळे एका चित्रावर विसंबून चालत नाही. पाझराचा तवंग पुन्हा पुन्हा त्याच ठिकाणाहून निघतो. जहाजातून सांडलेल्या तेलाचा लांबलचक पट्टा जहाजाच्या मार्गावर पडतो. पुढे सोनारने, म्हणजे पाण्यात ध्वनिलहरी सोडणाऱ्या यंत्राने, तळातून वर येणाऱ्या बुडबुड्यांचा माग काढतात, नमुन्याची रासायनिक ओळख पटवतात. २०१४ ते २०१९ मधल्या रडारचित्रांच्या अभ्यासात तवंगांचं तब्बल ९४ टक्के क्षेत्र मानवनिर्मित निघालं. हे क्षेत्रफळ आहे, तेलाचं वजन नव्हे. संदेश पुढे पाठवताना तेवढा फरक ध्यानात ठेवा.