आजींनी हिंडू नये तर काय करावं?

आज परतवाड्याच्या एसटीत डोकं फिरलं. शेजारी एक आजी, मांडीवर पिशवी, एकट्याच. कुठे निघालात विचारलं तर म्हणाल्या, "चिखलदऱ्याले. धुकं पाहाचं हाय एकडाव." सारा जन्म मेळघाटाच्या पायथ्याशी गेला, पण वर जाणं कधी झालंच नाही म्हणे. तेवढ्यात मागे उभा असलेला एक पोरगा मोठ्याने बोलला, "फुकट केलं तेव्हापासून म्हातारे उठसूट हिंडून राहिले, अन् आम्ही पैसे देऊन उभे." दोघं-चौघं हसले. आजी गप्प झाल्या.

त्याला बोलायचं ते मी तिथेच बोलले. तरी राग जात नाही.

पंचाहत्तरीच्या वरच्यांना एसटी मोफत झाली ऑगस्ट २०२२ मध्ये. त्याआधी ही बाई तिकीट काढूनच फिरली ना? आणि फिरली तरी कुठे? माहेर, मयत, दवाखाना. बाकी सगळं निंदणात आणि कापूस वेचण्यात गेलं. गर्दीत उभं राहावं लागतं, मान्य. मग गाड्या वाढवा म्हणून ओरडा, आजीला कशाला टोचता?

आमच्या सासूबाई सत्तरी उलटल्यावर मध्य प्रदेशातल्या पचमढीला, नागद्वारच्या यात्रेला निघाल्या. आपल्याकडच्यांना ती यात्रा सांगायला नको. नागपंचमीच्या आधीचे मोजके दिवस, सातपुड्याचं जंगल, डोक्यावर पाऊस, एक डोंगर उतरला की दुसरा उभाच. घरात सगळ्यांनी नाही म्हटलं. मोठ्या दिरांनी तर अबोलाच धरला. सासूबाई म्हणाल्या, "गुडघे त घरीबी दुखते अन् तठीबी दुखते. मंग महादेवापाशी दुखू दे."

मी सोबत होते. लोखंडी शिडी पावसाने निथळत होती. त्यांनी चपला काढून पिशवीत कोंबल्या, लुगडं वर खोचलं, पायाचा अंगठा पायरीवर दाबून पाहिला आणि "हर बोला" म्हणत चढल्या. मागून मी, काळजाचं पाणी झालेलं. वर मंडळाच्या मांडवात गरम भात-वरण खाताना त्यांचा चेहरा असा काही फुलला होता! लग्नापासून त्या घरात तसा चेहरा मी पाहिला नव्हता.

पडल्या असत्या तर? निस्तरावं आम्हालाच लागलं असतं, हे खरं. पण न्हाणीत घसरून खुबा मोडलेली माणसं आपल्या गावात नाहीत का?

रेल्वेत साठीच्या पुरुषांना ४० टक्के आणि ५८ च्या बायकांना ५० टक्के सवलत होती. करोनात, मार्च २०२० मध्ये काढली, ती काढलीच. त्यावर कोणी चकार शब्द काढत नाही. म्हाताऱ्यांनी ओसरीवर बसून नातवंडं सांभाळावी, एवढीच साऱ्यांची अपेक्षा.

त्या पोराचं वय काय, विशीचं. त्याच्याही घरी आजी असेल. विचार बाबा तिला एकदा, काय पाहायचं राहिलं म्हणून. सासूबाईंना आम्ही कधी विचारलं नव्हतं. त्यांनीच सांगितलं, आणि सांगितल्यावरही आम्ही आडवे पडलो.

यंदा नागद्वारला आमची गाडी निघते आहे. दोन जागा रिकाम्या आहेत. साठीच्या वरच्या बायकांना आधी मान. रेनकोट, काठी आणि गुडघ्याच्या गोळ्या सोबत ठेवा. आणि पोराला विचारून सांगते असं मात्र म्हणू नका, आधी नाव द्या, मग घरी सांगा.