एमबीबीएस-बीडीएसला मुलाखत नसते, लेकरांना साबण कोरायला बसवू नका

परवा रात्री साडेनवाला ताईचा फोन. "अगं तू दाताची डॉक्टर आहेस ना, मग सांग, साबण कुठला आणायचा, आंघोळीचा का कपड्याचा?" मला काही टोटलच लागेना. मग कळलं की माझी भाची, जी दोन वर्षं लातूरच्या ट्युशन एरियात खोली करून राहिली आणि नीट देऊन आत्ता कुठं घरी आली, ती चार दिवसांपासून ओसरीवर बसून कटरच्या पात्यानं साबणाचा दात कोरायली. अंगठ्याला पट्टी बांधलेली. कशामुळं, तर व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज आलाय.

तो मेसेज तुमच्याकडंही आला असंल, आमच्या ओळखीतल्या तीन ग्रुपवर तरी फिरायलाय. थोडक्यात सांगते. यंदापासून मेडिकल-डेंटलचा प्रवेश नुसत्या नीटवर नाही, 70 टक्के नीट आणि 30 टक्के मुलाखत. मुलाखत इंग्रजीतूनच. डेंटलवाल्यांची हातकामाची टेस्ट, त्यात साबण कोरायचा. मराठवाड्याच्या लेकरांना 70:30 मुळं (70 टक्के जागा त्या-त्या विभागातल्या लेकरांना आणि 30 टक्के बाकी राज्याला, हा जुना नियम) वेगळं पॅनल. आणि खाली एक नंबर, पंधरा हजारात ऑनलाइन तयारी, पीडीएफ फुकट. दाजींनी पाच हजार अ‍ॅडव्हान्स टाकून पण दिले! म्हणून हे लिहायलेय, आणि लांबलं तरी पूर्ण वाचा.

पहिलं, ते 70 आणि 30 टक्के. साफ खोटं. नॅशनल मेडिकल कमिशनचा 2019 चा कायदा आहे, त्याच्या कलम 14 मध्येच एमबीबीएसला देशभर एकच सामाईक परीक्षा म्हणजे नीट आणि सामाईक कौन्सेलिंग असं लिहिलंय. बीडीएससाठी डेंटिस्ट अ‍ॅक्टमध्ये 2016 ला तशीच तरतूद घातली. कुणी म्हणंल खाजगी कॉलेजं आपलं वेगळं करतात, तर त्याचंही उत्तर सुप्रीम कोर्टानं देऊन ठेवलंय. वेल्लोरचं ख्रिश्चन मेडिकल कॉलेज, जुनं आणि मोठ्या नावाचं, त्यांची वर्षानुवर्षं स्वतःची परीक्षा आणि स्वतःची मुलाखत होती, आणि नीट आम्हाला नको म्हणून ते कोर्टात गेले. 29 एप्रिल 2020 ला निकाल लागला, अल्पसंख्याक असो का खाजगी, अनुदान घेणारं असो का नसो, प्रवेश नीटवरच. आता तुम्हीच सांगा, जिथं वेल्लोरवाल्यांचं कोर्टानं ऐकलं नाही तिथं आपल्या जिल्ह्यातलं कॉलेज 30 टक्के मुलाखतीचे कुठून आणणार? महाराष्ट्रात राज्याचं सीईटी सेल कॅप राउंड म्हणजे प्रवेशाच्या फेऱ्या घेतं, सरकारी कॉलेजातल्या 15 टक्के ऑल इंडियाच्या जागा एमसीसी म्हणजे केंद्राची कौन्सेलिंग समिती भरते, दोन्हीकडं तुमचा नीटचा रँक, तुमची कॅटेगरी आणि तुम्ही भरलेले चॉइस, एवढंच बघितलं जातं. मॅनेजमेंटच्या जागेला फी जास्त असते, पण नीट तिथंही लागतंच.

आता ती पीडीएफ. मला खरा राग हिचाच आलाय. ताईला म्हणलं पाठव, आणि रात्री जागून वाचली. इंग्रजीत आहे. त्यात मेडिकलच्या मुलाखतीत विचारतात म्हणून जे प्रश्न दिलेत त्यातला एक असा, की एनएचएसच्या वेटिंग लिस्टबद्दल तुमचं मत काय. एनएचएस म्हणजे इंग्लंडची सरकारी आरोग्य सेवा! आमच्या लेकरानं तो प्रश्न वहीत उतरवून, गुगलवरून उत्तर काढून, पाठ केलंय. पुढं पानापानावर "जीएमसीची मार्गदर्शक तत्त्वं वाचून जा" असं आहे, आणि दाजी मला म्हणतात, बघ, जीएमसी लिहिलंय म्हणजे लातूरच्या सरकारी मेडिकलनंच सांगितलं असंल की. अहो दाजी, त्या पीडीएफमधली जीएमसी म्हणजे जनरल मेडिकल कौन्सिल, ब्रिटनची, जी तिथल्या डॉक्टरांची नोंदणी करते. आपल्याकडं जीएमसी म्हणजे गव्हर्न्मेंट मेडिकल कॉलेज. डेंटलच्या भागात जीडीसीचं पण तेच, तिथं जनरल डेंटल कौन्सिल आणि आपल्याकडं गव्हर्न्मेंट डेंटल कॉलेज. म्हणजे कुणीतरी ब्रिटनमधल्या पोरांसाठीचं साहित्य जसंच्या तसं उचललं आणि अंबाजोगाई, नांदेड, लातूरच्या आईबापांना विकायला काढलं, आणि अक्षरं जुळली म्हणून आपली माणसं फसायलीत.

तिकडं मुलाखत असते हे खरं आहे. ब्रिटनमध्ये मेडिकलला यूकॅट नावाची परीक्षा आणि वर मुलाखत असते. त्या पीडीएफमध्ये जे "एमएमआय" आहे ते मल्टिपल मिनी इंटरव्ह्यू, कॅनडाच्या मॅकमास्टर विद्यापीठात सुरू झालेली पद्धत, आठ-दहा टेबलं मांडलेली असतात, प्रत्येक टेबलावर काही मिनिटं, एका ठिकाणी रुग्णाच्या नातेवाइकाला वाईट बातमी कशी सांगायची, दुसऱ्या ठिकाणी मित्र कॉपी करताना दिसला तर काय कराल, असं. पद्धत चांगली का वाईट हा वेगळा विषय. ज्याला तिकडं जायचंय त्यानं जरूर तयारी करावी. पण उदगीर-अहमदपूरच्या ज्या लेकराला नांदेडला किंवा संभाजीनगरला अ‍ॅडमिशन पाहिजे त्याला त्यातलं एक पान लागत नाही.

साबणाचं सांगते, कारण यात अर्धं खरं आहे आणि त्यामुळंच लोकांना पटतं. कॅनडात डेंटलच्या प्रवेश परीक्षेत एकेकाळी साबण कोरायला लावायचे. आपल्याकडं प्रवेशाला असलं काहीही नाही. आपल्याकडं कोरायचं असतं ते बीडीएसच्या पहिल्या वर्षाला, डेंटल अ‍ॅनाटॉमीच्या प्रॅक्टिकलला, आणि ते पण मेणावर. मेणाचा ब्लॉक आणि लेक्रॉन कार्व्हर, मोजमाप लिहिलेला तक्ता समोर, आधी वरचा पुढचा दात आणि मग हळूहळू दाढांपर्यंत. ते तिथं बसवून शिकवतात, वर्षभर शिकवतात, घरून शिकून यायची गरज नसते. आणि कटरचं पातं तर अजिबात हातात देऊ नका, ताईच्या घरी अंगठ्यावर भागलं, अजून खोल गेलं असतं तर टाके घालायला न्यावं लागलं असतं.

इंग्रजीचा मुद्दा. नीटचा पेपरच मराठीसकट 13 भाषांत मिळतो, आणि मुलाखतच नाही तर ती इंग्रजीत कुठून येईल. हां, आत गेल्यावर पुस्तकं इंग्रजीत आहेत आणि पहिले सहा महिने जड जातात, मला स्वतःला गेले, त्यासाठी सुट्टीत इंग्रजी वाचायला लावा, पण भीती घालून पंधरा हजार काढायला नको.

70:30 चं तर बोलायलाच नको. तो प्रादेशिक जागांचा नियम होता, सप्टेंबर 2020 मध्ये रद्द झाला, आणि त्याचा मुलाखतीशी कधीच काही संबंध नव्हता. मराठवाड्यात हा आकडा सगळ्यांच्या तोंडात आहे म्हणून मेसेजमध्ये घुसवलाय, दुसरं काही नाही.

एक मान्य करावं लागंल. पुण्याच्या एएफएमसीला, म्हणजे सैन्यदलाच्या मेडिकल कॉलेजला, मुलाखत असते. नीटच्या मार्कांवरून आधी निवड, मग तिथं बोलावून इंग्रजी आणि तर्काची परीक्षा, मानसिक चाचणी, मुलाखत आणि शारीरिक तपासणी, आणि पुढं सैन्यदलात नोकरीची अट. पण ती एकच संस्था आहे, त्यासाठी एमसीसीच्या नोंदणीत वेगळा पर्याय द्यावा लागतो आणि आमच्या भाचीनं तो दिलेलाच नाही. बाकी कॉलेजात रिपोर्टिंगला गेल्यावर टेबलावरचे सर "कुठल्या गावचे, वडील काय करतात" विचारतात, त्याला मुलाखत म्हणत नाहीत, ते मूळ कागद तपासत असतात.

आणि कागदांवरूनच माझा जीव टांगणीला लागलाय. चार दिवस साबण कोरण्यात गेले, आणि ताईला विचारलं व्हॅलिडिटीचं, म्हणजे जात वैधता प्रमाणपत्राचं, काय झालं, तर म्हणे "अर्ज केलाय, त्रुटी निघाली म्हणून मेसेज आला होता बहुतेक." बहुतेक! ओबीसीतून जागा घ्यायची तर जात वैधता पाहिजे, नॉन-क्रिमीलेयर चालू वर्षाचं पाहिजे, डोमिसाईल पाहिजे, आणि वैधतेला 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा पुरावा मागतात. आपल्याकडं आजोबांचा शाळेचा निर्गम उतारा निजामाच्या काळातला, उर्दूत, तो शोधायचा, शाळेतून नक्कल घ्यायची, भाषांतर करून घ्यायचं, त्यात पंधरा दिवस कुठं गेले कळत नाही. ज्यांच्या कुणबी नोंदी आत्ता सापडल्यात त्यांनी तर प्रमाणपत्र मिळालं म्हणून निवांत बसूच नका, जात पडताळणी समितीकडं वैधतेचा अर्ज गेला का ते बघा. माझ्या बॅचच्या वेळी आमच्या शेजारचं एक लेकरू चांगले मार्क असून व्हॅलिडिटी वेळेत आली नाही म्हणून ओपनमध्ये गेलं आणि त्या वर्षी सरकारी जागेला मुकलं. तो जो पंधरा हजारवाला आहे, त्याच्या त्या लांबलचक पीडीएफमध्ये व्हॅलिडिटी हा शब्द एकदाही नाही.

चॉइस भरताना पण लोक घोळ घालतात. ज्या कॉलेजला खरंच जायचंय ते वर टाका, "मिळणार नाही" म्हणून खाली ढकलू नका, सिस्टीम वरून खाली बघते आणि तुमच्या रँकला बसंल तो सगळ्यात वरचा पर्याय देते.

पैसे पाठवले असतील तर लगेच 1930 ला फोन करा, सायबरची तक्रार लागते, जितकं लवकर तितकं बरं. दाजींनी काल केला. उद्या ते गावच्या शाळेत चाललेत, हेडमास्तरांनी जुनं रजिस्टर काढून ठेवतो म्हणून सांगितलंय, आणि उर्दू वाचणारे एक चाचा उदगीरला आहेत त्यांना मी सकाळीच बोलून ठेवलंय.