साखळीला फ्लोट का बांधायचे: प्रतिक्रियेला उत्तर

प्रवाळाच्या खडकांत बोट नांगरताना नांगराच्या साखळीला फ्लोट (तरंगते बोये) बांधून ती खडकांच्या वर तरंगती ठेवावी, असं मी म्हटलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. तुमचं म्हणणं असं की साखळीला फ्लोट बांधले की तिचं वजन वाया जातं, मग नांगर घसरणारच, आणि वारा फिरलाच तर सरळ जागा बदलावी, एवढा खटाटोप कशाला.

आधी वजनाचं बघू. १० मीटर पाण्यात ५० मीटर साखळी सोडली तरी वारा ३० नॉटच्या (ताशी साधारण ५५ किमी) पुढे गेला की ती तशीही जवळजवळ ताठ होते, धक्के खायला मग नायलॉनचा स्नबरच (साखळीला जोडलेला, ताण घेणारा दोर) लागतो. आणि सगळ्या साखळीला फ्लोट लावा असं मी कुठे म्हटलंय? नांगराजवळची १५-२० मीटर वाळूवरच पडू द्यायची, म्हणजे ओढ आडवी राहते, त्याच्या पुढे दर सात-आठ मीटरवर एक. १० मिमीची साखळी पाण्यात मीटरला साधारण दोन किलो भरते, म्हणजे एकेका फ्लोटवर १४-१६ किलो, पिटुकला फेंडर (बोटीच्या कडेला टांगतात तो फुगा) बांधून भागत नाही. तुआमोतूत (फ्रेंच पॉलिनेशियातली प्रवाळबेटं) मोत्यांच्या शेतीतले सुटलेले बोये किनाऱ्याला लागलेले असतात, बरेच जण तेच उचलतात.

आता फ्लोट नसले तर काय होतं? हलक्या वाऱ्यात बोट गोल फिरते आणि साखळी प्रवाळाच्या खडकाला विळखा घालते. तुम्हाला वाटतं ५० मीटर सोडलीय, मोकळी असते १२. त्यात लाटा सुरू झाल्या की बोटीची नाळ (पुढचं टोक) वर उचलली जाते, साखळीला ढिलाईच नाही, खाड्कन धक्का, स्नबर तुटतो नाहीतर बो रोलर (नाळेवरची साखळीची चाकी) वाकतो. नांगर मात्र जागचा हललेला नसतो! त्यामुळे मला घसरण्यापेक्षा अडकायची भीती जास्त वाटते. शिवाय साखळी जे घासून काढते ते प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढलेलं असतं, ते वेगळंच.

जागा जरूर बदला, पण ऊन डोक्यावर असताना. तिकडे दक्षिण गोलार्धात ट्रफ (कमी दाबाचा पट्टा) सरकला की वारा ईशान्येकडून उत्तर, मग पश्चिम, मग दक्षिण असा फिरतो आणि नेमकं तेव्हाच आभाळ भरलेलं असतं, पोलराइज्ड चष्मा लावूनही पाण्यातला खडक दिसत नाही. तिथल्याच फाकारावा बेटाचं लगून (प्रवाळकड्याच्या आतलं पाणी) जवळपास ६० किमी लांब, संध्याकाळी पूर्वेच्या ज्या मोटूच्या (कड्यावरच्या छोट्या बेटाच्या) आडोशाला तुम्ही निवांत होता, वारा पश्चिमेचा झाला की तोच किनारा तुमच्या मागे, आणि मधल्या मोकळ्या पाण्यावर लाट वाढत येते. म्हणून मी अंदाज बघून आदल्या दुपारीच हलतो, आत आल्याचा जीपीएस ट्रॅकही ठेवतो, रात्री निघायचंच झालं तर त्याच वाटेने.

एक मात्र कबूल, नांगर उचलताना फ्लोट एकेक सोडवत बसणं म्हणजे डोक्याला ताप आहे, एकजण विंडलासच्या (साखळी ओढायच्या यंत्राच्या) बटणावर आणि दुसरा वाकून फ्लोट काढतोय. गाठी मारू नका, कॅराबिनर (झटकन उघडणारी कडी) लावा.